डिकीतले ठोके

"एका दुपारचं काम आहे," नवरा म्हणाला. "तुझा चहा निवायच्या आत वाजायला लागेल."

लग्न झाल्यापासून या माणसाने घरात ठोकलेला प्रत्येक खिळा नंतर वीतभर सरकवावा लागला होता. पण आज त्याच्या चेहऱ्यावर मोहिमेवर निघालेल्या सेनापतीचं तेज होतं. आठवडाभर त्याने जेवताना, दाढी करताना आणि बाळाला खेळवताना एकाच विषयावरचे व्हिडिओ पाहिले होते. गाडीबरोबर आलेला स्टिरिओ तसाच ठेवायचा, त्याच्या मागच्या वायरींतून आवाज हळूच पळवायचा, तो डिकीतल्या अ‍ॅम्प्लिफायरला द्यायचा, अ‍ॅम्प्लिफायरने त्याला खाऊपिऊ घालून पैलवान करायचं आणि सबवूफरच्या, म्हणजे धमधम वाजणाऱ्या स्पीकरच्या, पेटीतून बाहेर सोडायचं. झालं. यात घाबरण्यासारखं काय आहे, असं त्याने विचारलं.

त्याने हे विचारायला नको होतं. त्याची बायको संख्याशास्त्राची पदवीधर होती. कुठल्या गोष्टीतून काय वाईट होऊ शकतं आणि ते होण्याची शक्यता किती, याचा हिशेब ती भाजी चिरता चिरता मांडून ठेवत असे. चहाचा पहिला घोट पोटात जायच्या आत शॉर्टसर्किट, आग, बॅटरीचा स्फोट आणि बाळाच्या कानाचा पडदा इतकं सगळं तिच्या डोळ्यांसमोरून सरकून गेलं. पण ती बोलली नाही. तिने शब्द दिला होता.

शब्दाचं प्रकरण असं. मागच्या महिन्यात समोरच्या बिल्डिंगमधल्या एका खिडकीतून धूर येताना दिसला म्हणून तिने अग्निशामक दल बोलावलं. धूर नव्हता, वाफ होती. आत एक गृहस्थ गरम पाण्याने अंघोळ करत होते, आणि त्यांना शिडीवरून आलेला जवान खिडकीतच भेटला. त्याच्या आधी एकदा बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपलं म्हणून तिने डॉक्टरांना त्यांच्या मुलीच्या साखरपुड्यातून उठवून आणलं होतं. डॉक्टर पोचले तेव्हा बाळ त्यांच्याकडे बघून हसलं. तेव्हापासून नवऱ्याने घरात नियम केला: उगाच आरडाओरडा नाही, आणि कितीही घाबरलीस तरी आधी मला फोन करायचा, मग जगाला. तिने तो मानला, कारण आता तिला एक निराळीच भीती वाटायला लागली होती. एखाद्या दिवशी खरोखरच काहीतरी होईल, ती जीव तोडून ओरडेल, आणि "असू दे, ती घाबरतेच," म्हणून कोणी वर मानही करणार नाही.

म्हणून त्या रविवारी ती बाळाला कडेवर घेऊन, दुसऱ्या हातात टॉर्च धरून, पार्किंगमध्ये मुकाट्याने उभी राहिली. त्यांची गाडी त्यांच्याच पहिल्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीखाली असायची. खिडकीतून वाकलं तर टपावर हात टेकेल की काय इतकी जवळ. ती जागा तिनेच मागून घेतली होती, लक्ष ठेवायला सोपं म्हणून.

"फ्यूज लावलास?"

"लावला."

"कुठे?"

"जिथे लावतात तिथे."

"आणि ही वायर अशी उघडी का?"

"ती तात्पुरती आहे." मग डॅशबोर्डखालून नुसता त्याचा आवाज यायला लागला. "किल्ली फिरवली की स्टिरिओ चालू, किल्ली काढली की बंद, असं असतं. दरवेळी तपासायला मी किल्ली कुठे फिरवत बसू? म्हणून सध्या थेट बॅटरीला जोडलाय. काम संपलं की सोडवतो."

"म्हणजे आत्ता तो कायम चालू?"

"तात्पुरता कायम."

बायकोने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. बाळाचं नाव कागदोपत्री चांगलं भारदस्त होतं, पण सगळे त्याला ढब्बू म्हणायचे, आणि त्याला बघितल्यावर कारण कोणी विचारत नसे.

चहा निवला. दुपारचं ऊन उतरलं. नवरा कोपरापर्यंत काळा झाला. अखेर सगळं जोडून झालं तेव्हा त्याच्या मोबाईलची बॅटरी संपलेली होती, म्हणून त्याने बायकोचा मोबाईल गाडीला जोडला, त्यावरचं एक गाणं लावलं, आणि बटण फिरवलं.

पहिल्या ठोक्याला कबुतरं उडाली. दुसऱ्याला गाडीची नंबरप्लेट थंडी भरल्यासारखी कुडकुडायला लागली. तिसऱ्याला शेजारची स्कूटर आपणहून केकाटायला लागली आणि ढब्बूचा खालचा ओठ हळूहळू बाहेर आला.

"बंद कर ते."

"अजून निम्म्यावर पण नाही आलो."

"डोक्यात घण घालतंय. काढणार आहेस का हे डबडं?"

"नाही."

"मग एक दिवस तुलाच त्या डबड्यात कोंबून वरून झाकण लावते की नाही बघ."

वाक्य तसं रोजच्या वापरातलं होतं. पण नेमकं "तुलाच" म्हणताना गाणं संपलं, आणि उरलेलं वाक्य पार्किंगच्या शांततेत सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं. फाटकाशी खुर्ची टाकून बसलेल्या वॉचमन काकांनी मान वळवली. तळमजल्यावरच्या बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालणाऱ्या मोठ्या बाईंची झारी हवेत थांबली. मोठ्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटली होती, पण बिल्डिंग अजून त्यांच्या हातात होती.

नवऱ्याने चकाकी डोळ्यांवर येते म्हणून स्टिरिओचा पडदा काळा करून ठेवला, गाडी बंद केली आणि तो अंघोळीला गेला. ती तात्पुरती वायर तशीच राहिली.

सोमवारी सकाळी बूट चढवताना त्याला ती आठवली. "जाता जाता सोडवून जातो," म्हणत तो खाली गेला. रोज तो कोपऱ्यावर ऑफिसची बस पकडायला वळेपर्यंत ती खिडकीतून बघत असे. आज डिकी उघडल्याचा आवाज तिने ऐकला, आणि त्याच क्षणी ढब्बूने लंगोटाच्या बाबतीत असा काही पराक्रम केला की पलंग, चादर आणि तिचा हात कोपरापर्यंत त्यात सामील झाले. खालून डिकी आपटल्याचा दणका ऐकू आला. ती हात धुऊन खिडकीशी पोचली तेव्हा रस्ता रिकामा होता.

त्याला कोपऱ्यावर वळताना तिने पाहिलं नाही, असा तो पहिलाच दिवस. तिने मनात त्याची नोंद केली.

दुपारी ढब्बूला झोपवायची वेळ झाली. रात्री तो कसाही झोपे, पण दुपारी झोपायचा ते फक्त ठोक्यांवर. पोटात असताना बाळ आईच्या काळजाचे ठोके ऐकतं. तसाच आवाज काढणारं एक अ‍ॅप तिने शोधून ठेवलं होतं. सुरुवातीला तिने स्वतःचीच छाती देऊन बघितली होती. पण तिच्या काळजाचा वेग असा की त्यावर ढब्बू झोपायच्या ऐवजी ताल धरून पाय झाडायचा. मोबाईलमधली बाई निवांत होती. धड-धड. धड-धड. त्या बाईला कशाची काळजी नसावी.

तिने अ‍ॅप लावलं. आवाज येईना. तिने तो वाढवला, मग पूर्ण वाढवला, मोबाईल कानाशी धरला, हलवला, फुंकर मारली. काही नाही. बिघडला वाटतं, असं म्हणत तिने वळून पाहिलं तर ढब्बू झोपलेला.

ठोक्यांशिवाय? तिने त्याच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास चालू होता. एवढंच नाही, तर ढब्बूच्या चेहऱ्यावर एखाद्या तृप्त सावकारासारखं हसू होतं. असा तो जन्मात झोपला नव्हता. तिने पुन्हा बोट धरलं.

आणि तेव्हा तिला पायाखाली ते जाणवलं. फरशीतून येणारं, बारीक, आवाजापेक्षा थरथरच जास्त. टेबलावरच्या भांड्यातल्या पाण्यात एकात एक गोल उठत होते. भूकंप, तिच्या मनाने लगेच सांगितलं. पण भूकंपाला इतका नेमका ताल कसा असेल? तिने खिडकीतून खाली पाहिलं.

वॉचमन काका त्यांच्या गाडीच्या मागे, अंतर राखून, काठी पुढे धरून उभे होते आणि डिकीकडे टक लावून बघत होते.

"काका, काय झालं?"

काकांनी ओठांवर बोट ठेवलं. पहिल्या मजल्यापर्यंत कुजबुज पोचवायची म्हणून ते घसा ताणून कुजबुजले, "वहिनी, गाडीत कोणीतरी आहे."

"कोण?"

"सांगत नाहीये. नुसतं आतून ठोकतंय."

आजवर तिला शंभर गोष्टींची भीती वाटली असेल, पण डिकीत माणूस ही तिच्याही यादीत नव्हती. पोलिसांना फोन लावायला तिचं बोट गेलंही, पण शब्द आठवला. आधी मला, मग जगाला. तिने नवऱ्याला फोन लावला आणि मोबाईल कानाशी धरला. तिकडे रिंग जातेय की नाही तेही कळेना. कानात नुसती पोकळी.

खाली मात्र डिकीतले ठोके थांबले, आणि त्या जागी लांबलचक घुमणारी रिंग वाजायला लागली. काका दोन ढांगांत मागे आले. रिंग थांबली.

"हॅलो?" डिकी म्हणाली.

काकांनी काठी दोन्ही हातांत धरली आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून विचारलं, "कोण आहे आत?"

"कोण म्हणजे? मी."

"मी कोण?"

"अरे, मी म्हणजे मीच. तू कोण?" आवाज तोंडात बोळा कोंबल्यासारखा जाड होता, पण भडकलेला. "माझ्या बायकोच्या फोनवर तू काय करतोयस? ती कुठे आहे?"

काकांची काठी खाली आली. हा आवाज ते रोज सकाळी ऐकत होते. "साहेब," ते तोंडातल्या तोंडात म्हणाले आणि सवयीने त्यांनी डिकीला सलाम केला.

"तिला हात लावलास तर याद राख," डिकी गरजली. "आलोच मी." खट्ट झालं. आणि पुन्हा धड-धड, धड-धड.

ती वरून सगळं बघत होती; पण शब्द वरपर्यंत नीट येत नव्हते. "काका, कोण आहे?"

"साहेब आहेत, वहिनी."

"कुठे?"

"डिकीत."

"काहीतरीच काय. काय म्हणाले?"

"तुम्ही कुठे आहात विचारतायत. आणि मी तुम्हाला हात लावायचा नाही म्हणाले. आणि येतो म्हणाले."

ती खिडकीचा गज धरून उभी राहिली. सकाळची डिकी उघडल्याची करकर. दणका. रिकामा रस्ता. पडदा ओढावा तसं सगळं लख्ख दिसलं. तो वायर सोडवायला आत वाकला, डिकी वरून पडली, आणि सकाळपासून तो तिथे आहे. आपण बाळाला न्हाऊ घातलं, कपडे वाळत टाकले, जेवलो, एवढंच काय, दुसऱ्यांदा वाढून घेतलं. आणि तो पायाखाली ठोकत होता.

तिने ढब्बूला उचललं, मोबाईल खिशात कोंबला आणि ती जिना उतरली. खाली पोचल्यावर कळलं की एका पायात आपली चप्पल आहे आणि एका पायात त्याची.

एव्हाना मोठ्या बाई बाहेर आल्या होत्या. ताप बघावा तसा त्यांनी डिकीच्या पत्र्यावर तळहात ठेवला होता.

"ठोके आहेत," त्या म्हणाल्या. "बारीक आहेत, पण नियमित आहेत." मग चष्म्यावरून तिच्याकडे बघून म्हणाल्या, "पोरी, काल तू काय म्हणालीस ते मी ऐकलंय. मी काही बोलत नाही."

"मी काही केलं नाही हो."

"मी म्हटलं का तू केलंस? किल्ली कुठे आहे?"

"एक त्याच्याकडे असते."

"म्हणजे आत. दुसरी?"

"दुसरी आणीबाणीच्या पिशवीत." ही पिशवी तिने स्वतः भरली होती. तीत बँडेज, शिट्टी, जादा लंगोट, मेणबत्ती, सगळं होतं.

"मग आण ना ती पिशवी."

तिने डिकीकडे बोट दाखवलं. "ती डिकीत असते."

मोठ्या बाईंनी डोळे मिटले. अशा चेहऱ्याने त्यांनी आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या असणार. "काका, पहार आणा."

काका पळाले. ती डिकीपाशी वाकली. ढब्बू खांद्यावर गाढ झोपला होता, लाळेचा ओघळ तिच्या गळ्यावरून खाली चालला होता.

"ऐकतोयस का रे?" ती म्हणाली. "बोलू नकोस, हवा संपेल. हो असेल तर एकदा ठोक. नाही असेल तर दोनदा. लागलंय का तुला कुठे?"

धड-धड.

"नाही म्हणतायत," पहार घेऊन परतलेले काका म्हणाले.

"हवा आहे का आत?"

धड-धड.

ती आणखी जवळ वाकली. "माझ्यावर रागावलायस?"

धड-धड.

"साहेब मनाने मोठे," काका हळव्या सुरात म्हणाले. मोठ्या बाईंनी पदराने चष्मा पुसला.

"डिकी पहारीने उघडतोय. चालेल ना?"

धड-धड.

"नको म्हणतायत," काका थांबले.

आता मात्र तिची उरलीसुरली शंकाही गेली. कोंडून घुसमटत असतानाही गाडीचा रंग खरवडेल म्हणून नको म्हणणारा माणूस जगात एकच होता, आणि तिने त्याच्याशी लग्न केलं होतं.

"तुम्ही घाला पहार," ती म्हणाली. "त्याचं काय ऐकायचं?"

काकांनी फटीत पहार घातली आणि जोर लावला. पत्रा कुरकुरला. आणि तेवढ्यात तिला ते जाणवलं. तिने पत्र्याला कान लावला.

ठोके मंदावले होते.

धड-धड. मग बराच वेळ काही नाही. धड. मग आतून कोणी लांब उसासा टाकावा तशी घरघर. मग एक शेवटचा, अगदी अशक्त, उंबऱ्यावरून परत फिरल्यासारखा धड.

मग काहीच नाही.

काकांनी डोक्यावरची टोपी काढली. मोठ्या बाईंचा हात तिच्या पाठीवर आला. तिला रडूही येईना. ती एवढाच विचार करत होती की आपण आयुष्यभर हजार खोट्या गोष्टींना घाबरलो, आणि खरी गोष्ट पायाखाली ठोकत होती तेव्हा आपण मोबाईलला फुंकर मारत बसलो. आणि त्याच्याशी शेवटचं धड बोललो ते काय, तर डबड्यात कोंबते.

त्या शांततेत पुन्हा ठोके सुरू झाले.

धड-धड! धड-धड! मोठे, खणखणीत, निरोगी. पण डिकीतून नाही. काकांनी डिकीकडे पाहिलं, मग वर पाहिलं, मग तिच्याकडे. मोठ्या बाईंनी तिच्या पाठीवरचा हात चटका बसल्यासारखा काढून घेतला. ठोके तिच्यातून येत होते.

"अगं पोरी, हे काय?"

"मी घाबरलेय," ती कशीबशी म्हणाली. तिला स्वतःला ते पटलंही. कधी ना कधी हे बाहेर ऐकू येणार, अशी तिची समजूत होतीच.

त्याच क्षणी काकांच्या पहारीखाली डिकीचं कुलूप तुटलं आणि झाकण उघडलं.

तिघे वाकले. आत नवरा नव्हता. एका बाजूला आणीबाणीची पिशवी होती, व्यवस्थित गाठ मारलेली. आणि मधोमध एक काळी, चौकोनी, घट्ट स्क्रू मारून बंद केलेली पेटी होती. पुढच्या बाजूला श्वासापुरती असावी तशी जाळी.

मोठ्या बाईंनी पेटीची लांबी बघितली, रुंदी बघितली, आणि मग सावकाश मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"एवढ्याशा पेटीत?" त्या म्हणाल्या.

"काल तसं बोलल्या होत्या खऱ्या," काका म्हणाले.

फाटकाशी रिक्षा करकचून थांबली. कोणीतरी धावत आलं, धापा टाकत तिघांच्या मागे उभं राहिलं आणि खांद्यावरून डोकावत ओरडलं, "काय झालं? कोण आहे आत?"

"तुम्ही," काका मागे न बघता म्हणाले.

मग सगळ्यांनी मागे बघितलं. नवऱ्याचा टाय पाठीवर गेला होता, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात ऑफिसच्या दारामागची छत्री. अज्ञात गुंडाशी लढायला तेवढंच सापडलं होतं. तो बायकोकडे बघत होता, बायको त्याच्याकडे, आणि दोघांच्या मधे तिचा खिसा पूर्ण आवाजात धडधडत होता.

तिने त्याच्या दंडाला बोट लावून बघितलं. मग जरा जोरात चिमटा काढला.

"आई गं. अगं, काय?"

"तू डिकीत होतास," ती म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आलं. "सकाळपासून."

"मी? मी डिकी उघडली आणि कोपऱ्यावर बस दिसली. डिकी आपटली आणि पळालो. आणि तू फोन केलास तर एक माणूस तुझ्या फोनवर माझ्यावरच ओरडतोय, कोण आहेस म्हणून. माझं काय झालं असेल?"

"तो मीच," काका म्हणाले. "ते तुम्हीच होतात का?"

नवऱ्याने तिच्या खिशाकडे बघितलं. मग मोबाईल बाहेर काढला. मग डिकीत बघितलं, पुढे जाऊन काचेतून डॅशबोर्डकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं सेनापतीचं तेज उतरत उतरत पार शिपायापर्यंत आलं. स्टिरिओ तात्पुरता कायम चालू होता. तिचा मोबाईल कालपासून ब्लूटूथने त्यालाच जोडलेला होता. ती वर ढब्बूला ठोके ऐकवत होती ते खाली डिकीत वाजत होते. तिने आवाज वाढवला, तो डिकीत वाढला. तिने फोन लावला, तो डिकीतून बोलला. शेवटी गाडीची बॅटरी बसली, आणि ठोके बिचारे परत तिच्या खिशात आले.

"म्हणजे," मोठ्या बाईंनी सारांश काढला, "आम्ही सगळे तुझ्या मोबाईलशी बोलत होतो."

"हो."

"आणि तो रागावला नव्हता, तो मोबाईल."

"हो."

"हं," म्हणून मोठ्या बाई आपल्या कुंड्यांकडे गेल्या. जाताना नवऱ्याला म्हणाल्या, "तात्पुरतं काम करणारी मुलं मी पुढच्या वर्गात घालत नसे."

नवऱ्याने मोबाईलवरचं अ‍ॅप बंद केलं. धड-धड थांबलं. आणि ढब्बू, जो या सगळ्या गोंधळात, पहारीच्या आवाजात, आईच्या हुंदक्यांत, रिक्षाच्या ब्रेकमध्ये दगडासारखा झोपला होता, त्या शांततेने खडबडून जागा झाला आणि त्याने भोकाड पसरलं.

पुढचे दिवस नवरा फार शहाण्यासारखा वागला. वाकलेल्या डिकीबद्दल चकार शब्द काढला नाही. "तू घाबरलीस ते बरोबरच होतं," असंही एकदा म्हणाला, आणि हे वाक्य तिने जपून ठेवलं. इकडे ढब्बूने मात्र संप पुकारला. मोबाईलचे ठोके आता त्याला चालेनात. ते वाजले की तो मान वळवून फरशीकडे बघायचा, कान द्यायचा आणि रडायचा.

रविवारी सकाळी नवरा पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली निघाला. "काढून टाकतो सगळं," तो म्हणाला. "चहा निवायच्या आत."

"थांब," ती म्हणाली.

तो थांबला.

"ती वायर नीट कर. किल्लीवर घे. फ्यूज मला दाखव, कुठे लावलाय ते. बॅटरी बसेल का, किती वेळ चालेल, ते लिहून दे. आग विझवायचं नळकांडं शेजारी ठेव." तिने ढब्बूला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि खिडकीबाहेर कुठेतरी बघत पुढचं वाक्य भरकन उरकलं. "आणि पेटी राहू दे."

"काय?"

"ऐकलंस तू."

तेव्हापासून रोज दुपारी डिकीतून ठोके चालू होतात. अगदी हळू. पहिल्या मजल्याच्या फरशीत जेमतेम कळतील एवढेच. ढब्बू सावकारासारखा झोपतो. मोठ्या बाई बाल्कनीतल्या खुर्चीत झोपतात. त्या ते कबूल करत नाहीत. फाटकाशी वॉचमन काकांची हनुवटी छातीवर टेकते आणि काठी हळूच घरंगळत जाते. सगळी बिल्डिंग पोटात असल्यासारखी निवांत होते.

त्या वेळात फाटकावर लक्ष ठेवायला कोणीतरी जागं लागतं. ती खिडकीत उभी राहते. तशी ती उभी राहणारच होती.